देवासचा नाला, धरमपुरीची नर्मदा

खलघाटच्या पुलावर बस आली तेव्हा नुकतं उजाडत होतं. पुण्याहून निघाल्यापासून माझ्या खांद्यावर मान टाकून घोरणाऱ्या बाईंनी डोळे न उघडताच हात जोडले आणि "नर्मदे हर" म्हणाल्या. मग चोहीकडून तोच घोष झाला, खिडक्या धडाधड उघडल्या आणि थंडगार वारा आत घुसला. लोकांनी नाणी टाकली. मी खाली वाकून पाहिलं. रुंद, शांत, किंचित हिरवट पाणी आणि त्यावर धुक्याचा पातळ थर. एवढी मोठी नदी मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला तिच्यातलं हवं होतं फक्त एक बाटलीभर पाणी.

ऐंशीच्या दशकातले सुरुवातीचे दिवस होते. विद्यापीठात पर्यावरणशास्त्र नावाचा विषय नुकताच सुरू झाला होता आणि चांगलं चाललेलं रसायनशास्त्र सोडून मी त्यात उडी घेतली होती. वडिलांना विषयाचं नावच नीट कळलं नव्हतं. गल्लीत कुणी विचारलं, "काय हो, मुलगी काय करते?" तर ते चपला शोधण्याच्या निमित्तानं खाली वाकत आणि "केमिस्ट्रीसारखंच काहीतरी" असं पुटपुटत. त्यांना दोष तरी कसा देणार? मला स्वतःलासुद्धा एका वाक्यात सांगता येत नसे.

आमच्या सरांनी प्रबंधासाठी मला दोन पाण्यांची तुलना करायला सांगितली होती: एक कारखान्यांच्या वस्तीतलं, एक मोठ्या वाहत्या नदीचं. देवासला मामा होता, म्हणून देवासचा नाला. आणि तिथून जवळ म्हणून धरमपुरीची नर्मदा. सर फार कमी बोलत. निघताना म्हणाले, "दोन्ही पाणी आहे त्या स्थितीत आणलंस तर प्रबंध. एक जरी बिघडलं, तरी ग्रंथालयात बसून इतरांच्या कामाचा आढावा लिहायचा." मला ग्रंथालयात झोप येते. त्यामुळे पेंढा भरलेली ती लाकडी पेटी आणि तिच्यातल्या दोन पांढऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या मी सगळ्या वाटेवर जिवापाड सांभाळत होते.

इंदूरला बस बदलून देवासला पोचले. टेकडीवर दोन माता, खाली एकाच गावाच्या जुन्या दोन राजगाद्या, आणि गावाबाहेर नव्या कारखान्यांच्या चिमण्या. मामा साताऱ्याकडून इथे नोकरीला आला त्याला दहाएक वर्षं झाली होती. त्याच्या कॉलनीत सकाळच्या भोंग्याबरोबर सगळे मराठी पुरुष सायकली काढत आणि सगळ्या मराठी बायका नळाशी बादल्या लावत.

"तू पाणी न्यायला आलीस?" मामी कपाळाला हात लावून म्हणाली. "अगं, इथं आम्हालाच एक दिवसाआड येतं! न्यायचंच तर साताऱ्याचं आणायचं होतंस इकडे."

तिने पोहे आणि जिलबी पुढ्यात ठेवली. पोह्यांबरोबर जिलबी हा मालव्याचा शोध आहे. पहिल्या घासाला मी नाक मुरडलं आणि तिसऱ्या घासाला आणखी जिलबी मागितली. संध्याकाळी मामाने गराडू (एक कंद, त्याच्या फोडी तळून वर तिखट मसाला आणि लिंबू) खाऊ घातले. थंडी इतकी होती की तोंडात तिखट आणि नाकात पाणी दोन्ही एकदमच आलं.

मामाच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही नाल्यावर गेलो. मामा साधा फिटर, पण घराबाहेर कडक इस्त्रीशिवाय पडत नसे. त्याची पँट पोटऱ्यांपर्यंत वर, हातात दोरी बांधलेली बादली, आणि मी काठावरून सूचना देणारी. पाण्याचा रंग गढूळ जांभळट होता, वर फेस, आणि वास असा की मामाने रुमाल बांधला. कुठून काय येऊन मिसळतं हे शोधणं माझं काम नव्हतं. नाला आहे तसा मोजायचा होता. म्हशी घेऊन जाणारा एक म्हातारा थांबला.

"कंई करी रिया हो, भिया?" त्याने विचारलं.

"कुछ नहीं," मामा ओशाळून म्हणाला. "भांजी है. पढ़ाई करती है."

"इस की पढ़ाई?" म्हाताऱ्याने नाल्याकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मोठ्या मायेनं म्हणाला, "कोई बात नहीं बेटी. अगली बार पास हो जाओगी."

मामा घरापर्यंत हसत होता. मी मात्र बाटली भरून, तिच्यात तेजाबाचे ठरलेले थेंब घालून (पाण्यातले धातू बाटलीला चिकटू नयेत म्हणून ते घालावं लागतं), झाकण घट्ट लावून पेटीत ठेवली. अर्धं काम फत्ते झालं होतं.

धरमपुरीच्या वाटेवर धारला मामाच्या ओळखीचं तांबटांचं घर होतं, तिथे मी मुक्कामाला गेले. हे लोक धारच्या पवार राजांबरोबर महाराष्ट्रातून आले आणि इथलेच झाले. दत्तूकाका अजून तांब्याची भांडी घडवत. दिवसभर त्यांच्या ओसरीवरून ठाक्‌ ठाक्‌ आवाज चाले आणि त्या आवाजाच्या वर घरातले सगळे मोठ्यानं बोलत. गोदाकाकू त्यांच्या पत्नी, ठेंगण्या, लगबगीच्या, गळ्यात खणखणीत आवाज. त्यांचं मराठी ऐकून मला आमच्या पणजोबांच्या पत्रव्यवहाराची आठवण झाली. सून शोभा तिकडच्याच सतवास गावची, माझ्याच वयाची. ती सासूला जुन्या रीतीनं 'आत्याबाई' म्हणे आणि पुढचं सगळं वाक्य हिंदीत बोले.

"आत्याबाई, ये तो अकेली आई है!" तिने मला दारात बघून आत आवाज दिला.

"एकटी?" काकू बाहेर आल्या. "ये हो बाळे, ये. इतक्या दुरून लेक आली, आणि आम्ही ओसरीवर उभी ठेवलीय. काय शिकतेस म्हणालीस?"

मी सांगायचा प्रयत्न केला. हवा, पाणी, जमीन, त्यांचे परस्परसंबंध. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चहात साखर किती?"

धारला साडेबारा तलाव आहेत असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. अर्धा कुठला, हे मी तिघांना विचारलं आणि तिघांनी तीन दिशा दाखवल्या. दुसऱ्या दिवशी मी पेटी घरीच ठेवून, रिकामी बाटली पिशवीत घेऊन धरमपुरीची बस धरली. घाट उतरला तशी मालव्याची थंडी वरच राहिली. खाली निमाडात स्वेटर काढून मांडीवर घ्यावा लागला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या पळाट्या आणि हरभरा. धरमपुरीच्या घाटावर बायका कपडे धूत होत्या, देवळांतून घंटा वाजत होत्या, आणि पात्राच्या मधोमध बेटावर महादेवाचं देऊळ उन्हात न्हात होतं.

"बीच धार का पानी चाहिए?" नावाडी म्हणाला. "पीने को कि पूजा को?"

"तपासायला."

त्याने वल्हं थांबवलं. "मैया को तपासोगी?" मग स्वतःशीच हसला आणि नाव मधल्या धारेत नेली. तिथे आवाज नव्हता. मी बाटली तीनदा विसळून काठोकाठ भरली. पिशवीत हात घातला तेव्हा कळलं, तेजाबाची कुपी धारलाच पेटीत राहिली होती. स्वतःला शिव्या दिल्या. संध्याकाळी घातलं तरी चालण्यासारखं होतं, पण विसरभोळेपणा तो विसरभोळेपणाच.

धारला परतले तेव्हा चार वाजून गेले असतील. दार उघडं होतं. मी उंबऱ्यात पाय टाकणार तोच काकू ओरडल्या, "थांब! नर्मदा आणलीस ना?"

"हो, बाटलीत."

"मग तशी आत येऊ नकोस." त्यांनी माझ्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, कुंकू लावलं. मला गंमत वाटली, बरंही वाटलं. उन्हानं आणि बसच्या हादऱ्यांनी डोकं जड झालं होतं. नर्मदेची बाटली पेटीत पहिलीच्या शेजारी ठेवली, आधी जरा टेकू, मग तेजाब घालू असं म्हटलं, आणि टेकले ती गाढ झोपले.

जाग आली ती घंटेच्या आवाजानं. ठाक्‌ ठाक्‌ बंद होती. माजघरात बायकांची गर्दी होती, तुपाचा वास दरवळत होता. मी डोळे चोळत आत गेले आणि जागीच खिळले.

चौरंगावर माझी पेटी. पेटीसमोर रांगोळी. दोन्ही बाटल्यांना हळदकुंकू, दोन्हींच्या गळ्यात झेंडूची माळ. एकीचं झाकण उघडं होतं आणि काकू तिच्यातलं पाणी पळीनं बायकांच्या हातावर देत होत्या. बायका ते पिऊन ओला हात डोळ्यांना, डोक्याला लावत होत्या. मावंदं चाललं होतं! काशीयात्रेहून परतलेल्या माणसाच्या घरी गंगापूजन करून चार जणांना जेवू घालतात, एवढं मला ऐकून माहीत होतं. पाहुणी मुलगी पहिल्यांदा नर्मदेचं दर्शन घेऊन पाणी घेऊन आली, तर या घरात तिचंही मावंदं घालायची पद्धत होती. कुणी मला सांगितलं नाही, कारण हे कुणाला माहीत नसेल असं त्यांच्या मनातच आलं नाही.

पहिली बाटली तळाला गेली. काकूंनी दुसरी उचलली आणि झाकणाला हात घातला.

"काकू, थांबा!" मी किंचाळले. "ती खाली ठेवा! ते नर्मदेचं नाही. देवासच्या नाल्याचं आहे, आणि त्यात तेजाब आहे!"

समोरच्या बाईंनी पुढे केलेला हात हळूच पदराआड नेला. काकूंनी बाटली अशी खाली ठेवली की जणू ती चावणार आहे. मी झडप घालून उघडी बाटली बघितली. वर मी लिहिलेला नर्मदेचा नंबर, आत तुळशीचं पान, हळदीचे कण, तळाशी दोन बोटं पाणी. नर्मदाच होती. देव तारी त्याला कोण मारी म्हणतात. मी आयुष्यात एकदाच योग्य वेळी काहीतरी विसरले होते. मी चौरंगापाशी बसून रडायला लागले. कुणाला काही झालं नाही म्हणून रडले आणि सगळं मुसळ केरात गेलं म्हणूनही रडले. परवाच्या बसचं माझं तिकीट काढलेलं होतं.

"मैंने बोला था, पूछ लो," शोभा पुटपुटली.

काकू माझ्याजवळ बसल्या. त्यांचा खणखणीत आवाज पार खाली आला होता. "बाळे, मी तुझं नुकसान केलं काय गं?"

मी डोळे पुसत सांगितलं. त्या पाण्यात बाहेरचं काही जायला नको होतं. फूल नको, कुंकू नको, कुणाचं बोटसुद्धा नको. नाहीतर सर ते पाणी घेणार नाहीत.

"बोटसुद्धा नको?" काकूंनी विचारलं. "म्हणजे सोवळ्यातलं?"

"हो," मी म्हटलं. दुसरा शब्द सुचला नाही.

"अगो, मग आधी सांगायचं होतंस ना!" त्या ताडकन उठल्या. "एवढं काय ते मला कळत नाही होय? अहो, ऐकलं का? उद्या पहिल्या बसनं धरमपुरी. आता सगळ्यांनी जेवून घ्या, बाफले निवताहेत."

जेवणं झाली. वरणात चुरलेले, तुपात बुडवलेले बाफले (कणकेचे गोळे, आधी उकडून मग भाजलेले) दुःखातसुद्धा मी तीन खाल्ले. दत्तूकाका मात्र विचारात होते. म्हणाले, "बाटलीचं झाकण म्हणजे काय खरं नाही. मी तुला तांब्याचा गडू देतो, पाणी भरलं की तोंड झाळून पक्कं बंद करून टाकतो. आमच्या वडिलांनी झाळलेला गंगेचा गडू देव्हाऱ्यात आहे, अजून थेंब हलला नाही."

मला संकोच वाटला, पण सांगावंच लागलं. "काका, मी पाण्यात तांबंच शोधणार आहे. तुमच्या गडूत नेलं तर नर्मदेत तांब्याची खाण निघेल."

ते क्षणभर हिरमुसले, मग मनापासून हसले. "तर मग लाख लावू झाकणाला, वरून."

दुसऱ्या दिवशी काका, काकू, शोभा आणि मी असे चौघं धरमपुरीला गेलो. रिकामी बाटली मी तेजाबानं आणि पाण्यानं पुन्हापुन्हा धुतली होती आणि कुपी या वेळी गळ्यात बांधली होती. नावाडी तोच. काकू नावेत बसल्या नाहीत. त्या घाटावर उभ्या राहिल्या, आणि मी मधल्या धारेत पोचेपर्यंत त्यांनी अख्ख्या घाटाचा ताबा घेतला. साबण लावलेला एक गृहस्थ पाण्यात उतरत होता, त्याला त्यांनी पायरीवरच उभं केलं. दूध सोडायला आलेल्या आजोबांच्या हातातला तांब्या धरून ठेवला. वास्तविक मी होते तिथे, प्रवाहाच्या वरच्या अंगाला, घाटावरचं काहीच येणार नव्हतं. पण ते तिथून ओरडून सांगणार कसं?

"रुको भिया, रुको जरा!" त्यांचा आवाज पाण्यावरून माझ्यापर्यंत येत होता. "पहले हमारी लड़की का पानी भरने दो! सोवळ्यातलं आहे!"

साबणाचा गृहस्थ थंडीत कुडकुडत उभा होता. मी बाटली भरली, थेंब घातले, झाकण लावलं आणि दोन्ही हात वर केले. घाटावरून "नर्मदे हर" असा गजर झाला आणि तो गृहस्थ सगळ्यांच्या आधी पाण्यात कोसळला.

परतीच्या बसमध्ये काकूंनी बाटली आपल्या रेशमी सोवळ्यात गुंडाळून मांडीवर घेतली आणि शेजारी कुणालाही टेकू दिलं नाही. 'सोवळं' हा शब्द मला कधीच आवडला नव्हता. माणसांना माणसांपासून लांब ठेवायला तो आमच्याकडे फार वापरून झाला. त्या बसमध्ये मात्र तो माझा प्रबंध सांभाळत होता आणि मला काकूंचा इतका लळा लागला होता की मी त्याच्याशी तात्पुरती सोयरीक केली.

घरी दत्तूकाकांनी झाकणाला लाख लावली. काकू नाल्याच्या बाटलीकडे लांबूनच बघत होत्या.

"हे गं? हे पाणी कुठं जातं पुढं?"

"क्षिप्रेला मिळतं. क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला."

"आणि यमुना?"

"प्रयागला. गंगेला."

काकूंनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. तिथे सासऱ्यांचा तो झाळलेला गडू होता. मग म्हणाल्या, "म्हणजे हे असं पाणी काशीला जातं." वाटेत कितीतरी पाणी मिसळतं, असं सांगता आलं असतं. पण तेव्हा ते लंगडं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी भरायला गेले तर दोन्ही बाटल्या सोवळ्यात होत्या. नर्मदा काकूंच्या रेशमी वस्त्रात आणि नाला शोभाच्या लग्नातल्या रेशमी पदराच्या तुकड्यात. "आत्याबाई बोलीं, इसको भी बाँध," शोभा म्हणाली. "मैंने पूछा, ये तो गंदा है. तो बोलीं, म्हणूनच."

बसस्थानकावर सगळे सोडायला आले होते. इंदूरच्या गाडीचा कंडक्टर पेटी टपावर टाकायला निघाला, तेव्हा काकू आडव्या आल्या. "ऊपर नहीं भिया, इसके पैर के पास."

"क्या है इसमें? और ये लड़की करती क्या है?"

मी तोंड उघडलं. हवा, पाणी, जमीन, परस्परसंबंध. पण माझ्याआधी काकूच बोलल्या, अर्ध्या हिंदीत आणि अर्ध्या मराठीत: "ये पानी का सोवळं सीखती है. कुठलं पाणी बाटलं, कशानं बाटलं, ते हिला कळतं. संभाल के ले जाना."

कंडक्टरने पेटीला नमस्कार केला आणि स्वतः उचलून आत ठेवली.

इंदूरला पुण्याची बस मिळाली. खलघाटचा पूल पुन्हा आला, संध्याकाळच्या उन्हात. "नर्मदे हर" या वेळी मीही म्हटलं. पुण्यात सरांनी लाखेचं झाकण आणि रेशमी वस्त्रं चष्म्यातून बघितली, बाटल्या प्रयोगशाळेत ठेवल्या आणि म्हणाले, "कामाला लाग." शिपाई बाटली सरकवायला आला, तर माझ्या तोंडून निघालं, "हात लावू नका." पुढचा शब्द मी महत्प्रयासानं गिळला. त्या बाटलीतली नर्मदा चांगली निघाली आणि नाला निघायचा तसाच निघाला. दोन्ही मी काकूंना कळवलं.

घरी मात्र मी त्याच दिवशी सगळं सांगून टाकलं, काकूंच्या आवाजासकट. आई हसून हसून बेजार झाली. वडील पेपरातून डोकं वर न काढता ऐकत होते. ऐकत होते की नाही हेही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीत दात घासत होते. खाली शेजारच्या साठेकाकांनी वडिलांना गाठलं होतं. "काय हो, मुलगी परत आली म्हणे. ती नक्की शिकते तरी काय?"

वडिलांच्या चपला पायातच होत्या. ते खाली वाकले नाहीत.

"पाण्याचं सोवळं शिकते," ते म्हणाले, आणि चांगले मोठ्यानं म्हणाले. "या. घरात या, सांगतो."